पेन्शनवर आलेल्या फौजीचं ऐकायचं कसं

आमच्या भागात फौजी पेन्शनवर आला की वेशीपासून त्याची मिरवणूक निघते. फुलांनी सजवलेली जीप, झांजा, फोटोचा बॅनर, बायका ओवाळायला उभ्या. शेवटी देवळासमोर दोन शब्द. ते दोन शब्द पंचायत अध्यक्ष बोलतात, फौजी हात जोडून उभा असतो. २००२ साली आमच्या घरी हेच झालं. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर हे सोप्यात अंधारात, दाराकडं तोंड करून बसलेले.

"झोपा की ओ," म्हटलं.

"तू झोप. मी हाय."

पहाऱ्यावर होते ते. कुणाच्या आणि कुठल्या, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत आणि पुढंही चुकत चुकत जे शिकले, ते इथं क्रमानं लिहितेय. मी डॉक्टर नव्हे, मराठी शाळेत मास्तरीण होते. पण बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगड आणि गडहिंग्लज, या पट्ट्यात फौजी नसलेलं भावकीचं घर शोधावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरच बेळगावात आहे. म्हणजे हे लिहिणं थोड्यांसाठी नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडं लढाई सांगायची जागा एकच, ती म्हणजे व्यासपीठ. १५ ऑगस्टला मीच कितीतरी फौजींना शाळेत बोलावून "मुलांना पराक्रम सांगा" म्हटलंय. त्यांनी सांगितलाही, दरवेळी तोच, त्याच शब्दांत. जे खरं सांगायचं असतं ते माइकपुढं येत नाही. त्याला दुसरी जागा करून द्यावी लागते.

पहिलं काम: हे काय आहे ते ओळखणं

गावात याला नावं बरीच आहेत. "तापट झालाय", "मिलिटरीतनं आल्यापासनं माणसात नाही", "बाहेरचं काहीतरी लागलंय". सासूबाईंनी यांच्यासाठी अंगारा आणला होता, मी तो लावलाही. त्यावर माझं भांडण नाही, फक्त तेवढ्यावर थांबू नये.

लक्षणं ढोबळ मानानं चार जातींची असतात. एक, घडलेलं परत परत अंगावर येणं: वाईट स्वप्नं, किंवा दिवसाढवळ्या क्षणभर तिथंच असल्यासारखं होणं. दोन, टाळणं: त्या सोबत्याच्या घरी न जाणं, टीव्हीवर लढाईची बातमी लागली की उठून जाणं. तीन, मन थिजणं: लेकीच्या बारशातही आनंद न होणं, "चूक माझीच" हे आत घट्ट बसणं. चार, सतत सावध राहणं: हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणं, भांडं पडलं तरी दचकणं, झोप नाही, राग नाकावर. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या कामात अडथळा करू लागलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात हे नाव १९८० मध्ये आलं. त्रास मात्र जुनाच. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. त्याच युद्धातल्या खंदकांतून परतलेल्या शिपायांची अशीच अवस्था बघून ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला. आमच्या एका पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात, "बसऱ्याहून आल्यावर बोलेना झाले."

लढाई बघितलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. पुष्कळ जण थोड्या महिन्यांत आपोआप सावरतात. आणि काहींना पलटणीत असेपर्यंत काही होत नाही, ते पेन्शनवर आल्यावर उफाळतं. याचं कारण मला असं दिसतं: तिथं पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत वेळ बांधलेला, आणि शेजारच्या खाटेवरच्याला न सांगता सगळं माहीत. इथं अडतिसाव्या वर्षी माणूस घरी येतो. सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी, आणि शेजारच्याला काहीच माहीत नाही.

रात्र सांभाळणं

बोलण्याच्या आधी झोपेकडं बघा.

झोपेत ओरडू लागले तर हलवून उठवू नका. मी एकदा खांद्याला हात लावला आणि दुसऱ्या क्षणी माझं मनगट पिळलेलं होतं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले, नंतर महिनाभर सोप्यातच झोपले. तेव्हापासून पद्धत ठरली. पायथ्याकडं, हात पोचणार नाही इतक्या लांब उभं राहायचं. आधी दिवा लावायचा. मग नाव घेऊन, सावकाश, चढ्या नाही पण स्पष्ट आवाजात बोलायचं. मराठीत हाक मारली तर यांना ऐकूच यायची नाही. एका सुभेदारांनी सुचवलं, "वहिनी, हिंदीत बोला." मग मी म्हणू लागले, "घर है. बेलगाम है. सब ठीक है." आणि डोळे उघडायला लागले. माणूस झोपेत ज्या भाषेत असेल त्याच भाषेतून त्याला बाहेर आणावं लागतं.

जागे झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. पाणी द्यायचं. पाय थंड फरशीवर टेकवायला सांगायचं. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावायची: कपाट, घड्याळ, गणपती, पंखा, छत्री. बाळबोध वाटतं, पण मेंदूला "आत्ता, इथं" हे पटवायला ते उपयोगी पडतं. सकाळी स्वप्नाचा विषय आपण काढायचा नाही.

आता रमबद्दल. कँटीनची बाटली आमच्याकडं पाहुणचारात मोडते, त्यामुळं हे लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. दोन पेग घेतले की डोळा लागतो, हे खरं. पण दारूची झोप पहिल्या निम्म्या रात्रीपुरती. उतरायला लागली की स्वप्नं जास्त जोरानं येतात, मग दुसऱ्या दिवशी पेग वाढतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर पंधरा दिवस वहीत लिहा: किती घेतली, किती वाजता जाग आली. आमच्या वहीनं मला भांडायची गरज ठेवली नाही.

पण एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट येणं, भ्रम होणं असं पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली सोडायची.

बोलणं

यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि इथंच घाई होते. घडलेलं सगळं एका बैठकीत ओकायला लावलं की मन हलकं होतं, असा समज आहे. घटना घडल्यावर लगेच बसवून सगळं बोलायला लावायची एक पद्धत पूर्वी वापरात होती. तपासल्यावर तिचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रास झाला. कुठलं दार, कधी आणि किती उघडायचं, हे सांगणाऱ्यानं ठरवायचं.

समोरासमोर बसू नका. समोर बसवून विचारलं की चौकशी वाटते. आमची पहिली खरी बातचीत शेंगा फोडताना झाली. दोघांचे डोळे सुपात, हात कामात. स्कूटरवर मागं बसून बरंच कळतं, शेतात पाणी पाजताना कळतं.

विचारायचं काय? "किती मारले?" हा प्रश्न घरात कुणीही, गमतीतसुद्धा, विचारायचा नाही. भाच्यांना, जावयांना आधी सांगून ठेवा. "भीती वाटली का?" हाही नको. विचारा, तिथं पाऊस कसा पडायचा? भाकरीची आठवण यायची का? तुमच्या तंबूत कोण कोण होतं? यांची पलटण शांतिसेनेत श्रीलंकेला गेली होती. १९८७ ते १९९० या काळात आपली फौज तिथं होती आणि अकराशेहून जास्त जवान परत आले नाहीत. मी विचारलं होतं, तिथली झाडं कशी? म्हणाले, ताडाची, वाऱ्यानं पानं वाजायची की कुणीतरी चालतंय असं वाटायचं. मग गप्प. दहा वर्षांपूर्वी मालवणला गेलो तेव्हा हे त्या झाडांखालून का पळाले होते, ते मला त्या सुपाजवळ कळलं.

थांबण्याचा शब्द आधीच ठरवा. आमचा शब्द "चहा". त्यांनी "चहा ठेव" म्हटलं की विषय संपला. मग मी अर्धं वाक्य ऐकलेलं असलं तरी उठते. हा शब्द पाळला गेला, तरच पुढच्या वेळी एक पाऊल जास्त पडतं.

भाषा बदलली तर अडवू नका. फौजी मराठीत सुरू करतो, मधेच हिंदीत जातो, कारण ते सगळं घडलंय हिंदीत. "फिर फायर आया" याचं मराठी करायला लावलं की तो सांगणं सोडून भाषांतर करत बसतो. तारखाही दुरुस्त करू नका. आठवण तुकड्यांत येते, उलटसुलट येते. मागच्या वेळी पहाट होती, आज संध्याकाळ म्हणाले, तर म्हणू दे.

आणि आपला चेहरा सांभाळा. आपण रडलो, कानांवर हात ठेवले, की तो आपल्याला जपायला लागतो आणि गोष्ट आत जाते. ऐकवत नसेल तर आपणच "चहा" म्हणावं. ते दोघांचं हत्यार आहे.

सगळ्यात अवघड वळण अपराधाचं असतं. यांनी एका रात्री ड्यूटी बदलून घेतली होती, पोटात दुखत होतं म्हणून. बदली गेलेला पोरगा परत आला नाही. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून पटकन निघालं, "तुमची काय चूक त्यात?" आणि ते उठून गेले. मी समजूत घालत होते, त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं. पुढच्या वेळी, म्हणजे सात महिन्यांनी, मी विचारलं, "कसा होता तो?" मग तासभर तो पोरगाच बोलण्यात होता: दाढी करताना गायचा, लोणचं चोरायचा. चूक कुणाची, हा हिशेब हळूहळू, बहुधा डॉक्टरांपुढंच, सुटतो. आपण निकाल द्यायला बसू नये. त्या पोराची तारीख मात्र आम्ही कालनिर्णयावर दरवर्षी खूण करून ठेवतो. त्या आठवड्यात घरात पाहुणे नाहीत, लग्नकार्याला जाणं नाही. दरवर्षी त्याच दिवसांत यांचा पारा का चढतो, हे आधी कुणालाच उमगलं नव्हतं. तुमच्याही घरी अशी तारीख असेल, शोधा.

मोबाइलवर शूटिंग करू नका. केलंच तर त्यांना विचारून, आणि ते गावच्या ग्रुपवर टाकायचं नाही. पुढच्या पिढीसाठी नोंद ठेवायची असेल तर वही द्या. लिहिलेलं आपल्याला दाखवायचं की नाही, तो त्यांचा प्रश्न.

फौजींची बैठक

बायकोला सांगता येत नाही असं बरंच असतं, ते फौजी फौजीला सांगतो. यांच्या दोन मित्रांनी पहिली बैठक ठरवली, मटण आणि रम ठेवून. नऊ जण जमले, दहाच्या सुमारास पदावरून बाचाबाची झाली, एकाचा शर्ट फाटला. दुसरी बैठक व्हायला सहा महिने गेले. तिचे नियम आता पक्के आहेत.

माणसं पाच ते आठ. जागा खळं किंवा देवळाची ओवरी, घर नको, कारण घरात कान असतात. दारू नाही, फक्त चहा. वेळ दीड तास, घड्याळ लावून. पद चपलांबरोबर बाहेर. हे फार महत्त्वाचं, कारण सुभेदार साहेब समोर असले की शिपाई "सब ठीक है साब" याच्या पुढं जात नाही. आमच्याकडं सगळे एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारतात: उचगावकर, येळ्ळूरकर, कडोलीकर. सीमाप्रश्नही चपलांबरोबर बाहेर! दोन कानडी भाषिक हवालदार येतात, त्यांच्यामुळं बैठक हिंदीत चालते, आणि मला वाटतं त्यामुळंच मोकळी चालते.

पहिल्या फेरीत फक्त कुठली पलटण, कुठं होतो, आणि हा महिना कसा गेला. ज्याला बोलायचं नाही त्यानं "पास" म्हणायचं, कारण द्यायचं नाही. एक बोलत असताना दुसऱ्यानं "माझं तर याहून भारी" सुरू करायचं नाही. कारगिलवाला, श्रीलंकावाला, आणि ज्यानं सगळी नोकरी गाड्या चालवण्यात काढली पण एकदा जळालेला ट्रक रिकामा केला तो, तिघांचं वजन सारखं. रक्तामांसाचे तपशील गटात नकोत, ते ऐकणाऱ्याच्या स्वप्नात जातात. शेवटची पंधरा मिनिटं ठरवून आजची: ऊस गेला का, काजूला भाव काय, पोरीचं ॲडमिशन झालं का. ज्याचा आवाज त्या दिवशी बसला असेल त्याला एकटं घरी सोडायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकानं त्याला फोन करायचा. खळ्यात बोललेलं खळ्यात राहतं, बायकोलाही सांगायचं नाही. मला हे नियम माहीत आहेत, कारण वहीत मी लिहून दिलेत. बाकी मला काही माहीत नाही, आणि तसंच असावं.

डॉक्टरांकडं

बैठक म्हणजे उपचार नव्हे. महिनोन् महिने झोप नाही, हात उगारला जातोय, दारू वाढतेय, काम सुटलंय, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, बेळगावात पॉलिक्लिनिक आहे. तिथून रेफर करून घेता येतं, कार्ड आणि आधीचे कागद बरोबर ठेवा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याचीच सरकारी संस्था आहे, बेळगावाहून गाडीनं दीड-दोन तास. निघणंच जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं, कानडीतही. सैन्यासाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, त्याचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये सुरू झाला.

आम्हाला भेटलेले पहिले डॉक्टर म्हणाले, "मिलिटरीवाले तुम्ही, तुम्हाला कसली भीती?" दोन मिनिटांत चिठ्ठी. असं झालं तर दुसरा डॉक्टर बघा, पण "डॉक्टरांचा काही उपयोग नाही" या निष्कर्षावर येऊ नका. आमची दोन वर्षं त्यात गेली. जाताना अर्ध्या पानावर लिहून न्या: काय होतं, किती वेळा, केव्हापासून, दारू किती, कुठल्या गोळ्या चालू. आणि आत गेल्या गेल्या विचारा, कुठल्या भाषेत बोलू? मोडक्या कानडीत सांगायला गेलं की "झोप नाही" एवढंच पोचतं.

उपचार दोन तऱ्हांचे. एक बोलण्याचे: त्यात प्रशिक्षित माणूस ती आठवण सुरक्षितपणे, टप्प्याटप्प्यानं हाताळायला शिकवतो. सहसा आठवड्याला एक अशी आठ-दहा ते पंधरा सत्रं लागतात. ईएमडीआर नावाची पद्धतही आहे, तीत आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायचे असतात. ऐकायला जादूटोण्यासारखं, पण मान्य उपचार आहे. दुसऱ्या गोळ्या: सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानंही सोडू नका. झोपेच्या सवय लावणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणणं तर नकोच, दारूबरोबर त्या घातक.

कागदांबद्दल थोडक्यात. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, जुन्या हॉस्पिटलची नोंद, सगळं एका फायलीत. आजार नोकरीमुळं झाला किंवा वाढला असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचा विषय निघू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, चावडीवरच्या सल्ल्यावर अर्ज करू नका.

घाईची वेळ

"माझं ओझं झालंय", "आता सगळं मिटवून टाकतो" असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, खूप अस्वस्थ माणूस अचानक शांत होणं, ही चिन्हं हलक्यात घेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. आपल्याकडं दोन गोष्टी हाताशी असतात: परवान्याची बंदूक आणि शेतातलं औषध. बंदूक ठाण्यात जमा करा, औषधाचा डबा त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात. १४४१६ लावा, जिवाला धोका असेल तर ११२ किंवा थेट हॉस्पिटल. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, आणि त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

आवाज

दिवाळी कळते, तिची तयारी करता येते. आम्ही लक्ष्मीपूजनाला दारं लावून भजनाची कॅसेट मोठ्यानं लावतो. न कळणारे आवाज जास्त वाईट. खानापूर, चंदगडकडं हत्ती किंवा गवे शेतात आले की मध्यरात्री सुतळी बॉम्ब उडतात. मी शेजारच्या चार शेतकऱ्यांना सांगून ठेवलंय, लावायच्या आधी एक मिस कॉल द्या. तिघं देतात. चौथा विसरतो आणि सकाळी दूध घेऊन येतो.

आणि घरची बाई

हे सगळं करताना माझं वजन नऊ किलोनं उतरलं आणि मी आठवीच्या वर्गात एका पोरावर उगाच ओरडले. तेव्हा लक्षात आलं, दचकायला मीही लागले होते. आठवड्यातले दोन तास माझे: गुरुवारी भजन, तिथं यांचा विषय बंद. हात उगारला गेला तर ते आजारानं झालं म्हणून सोसत बसू नका. लेकरं घेऊन माहेरी किंवा शेजारी जा, बोलणं नंतर. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. मी एकदा गेलेय, चार दिवस. पाचव्या दिवशी हे न्यायला आले ते ईसीएचएसचं कार्ड खिशात घालूनच.

अजूनही काही रात्री सोप्यातला दिवा लागलेला दिसतो. मी जाऊन शेजारी बसते, विचारत काही नाही. कधी ते म्हणतात, "चहा ठेव." कधी म्हणतात, "तो पोरगा लोणचं चोरायचा, सांगितलंय न्हवं तुला?" सांगितलेलं असतं. मी म्हणते, परत सांगा.